विळ्यावरचं तांबं

भाऊ जाऊन महिना झाला होता. मी सोलापुरात दहावीला विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंगळवेढ्याची एसटी धरून वहिनीकडे जायचे. त्या शनिवारी तिला बागेत दोन-चार डाळिंबांवर तेलकट डाग दिसले होते, आणि आभाळ भरून आलं होतं; पावसानं हा रोग बागभर पसरतो. बोर्डो मिश्रण त्याच दुपारी फवारायला हवं होतं. आजवर ते भाऊ एकटाच कालवायचा.

एका पिंपात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, पाणी, दुसऱ्यात चुन्याचं, आणि दोन्ही मिळून तिसऱ्यात ओतायचं. वर्गात मी हे दुहेरी विस्थापन म्हणून शिकवते. दोन्ही पदार्थ आपापले जोडीदार बदलतात, तांबं निळसर साका होऊन बसतं, पाण्यात मोकळं राहत नाही. राहिलंच, तर पानं करपतात, फळांवर चट्टे पडतात. वहिनीच्या हातात यंदा हा एकच बहार होता.

असं तांबं उरलंय का, हे बघायला मिश्रणात लोखंडाचं पातं बुडवतात. मोकळं तांबं असलं तर लोखंड त्याला पाण्यातून बाहेर काढून स्वतः त्याची जागा घेतं, आणि तांबं पात्यावर चढतं. हे साधं विस्थापन. मुलं या दोन्हींत नेहमी गोंधळतात. मी त्यांना सांगते, एकटं मूलद्रव्य येऊन कुणाची जागा घेतंय का, ते आधी बघा.

वहिनीनं स्वयंपाकघरातली सुरी आणली. पिंपात धरली, वर काढली. लखलखीत.

"झालं की," ट्रॅक्टरवरचा फवारणीवाला म्हणाला. "भरा टाकी. मला अजून एक बाग हाय. पाऊस काय बाईंचा तास संपायची वाट बगत न्हाय."

वहिनीनं पाइप उचलला. मी सुरी हातात घेऊन निरखली. सुरी स्टीलची होती.

"थांबा. हिच्यावर तांबं चढतच नाही. साधं लोखंड पाहिजे."

"लोखंडात बी इयत्ता असत्यात व्हय?" फवारणीवाला म्हणाला.

खिळे बघितले, खुरपी बघितली. महिनाभर कुणी हात न लावल्यानं सगळं गंजलेलं. गंजावर तांबूस रंग ओळखू येत नाही. स्वच्छ होता तो फक्त भावाचा विळा. धार लावून, तेलाचा हात फिरवून त्यानंच ठेवलेला. वहिनीनं तो फडक्यात गुंडाळून त्याच्या फोटोपाशी ठेवला होता.

"त्येला कुणी हात लावल्याला न्हाय, वन्सं," ती म्हणाली.

फवारणीवाल्यानं इंजिन बंद केलं.

ती घरात गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा विळ्याचं तेल साबणानं धुतलेलं होतं. तिनं तो स्वतःच पिंपात धरला. वर काढला तेव्हा पात्यावर तांबूस थर होता. चुना आम्ही उघड्या पोत्यातला घेतला होता; तो हवेनं निकामी झाल्यानं तांबं मोकळं राहिलं असणार.

आम्ही बंद पोतं फोडलं. चुना भिजवून ओतला, ढवळला. वहिनी वाळू घेऊन पातं घासू लागली. तांब्याबरोबर भावानं लावलेली धारही जात होती, हे तिला दिसत होतं. ती घासत राहिली. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिकट तांबूस. पुन्हा चुना, पुन्हा वाळू. मग एकदाचं पातं जसं आत गेलं तसं बाहेर आलं. तिघंही त्याच्यावर वाकून बघत होतो.

"आता भरू?" फवारणीवाल्यानं मला नाही, वहिनीला विचारलं.

"भरा."

पाऊस त्या दिवशी आलाच नाही. मी सोमवारी रजा टाकून राहिले. सकाळी आम्ही दोघी ओळीओळीनं पानं उलटून बघत गेलो. निळसर थर सुकला होता. करपलेलं पान एकही सापडलं नाही. शेवटच्या झाडापाशी वहिनी म्हणाली, "तुमच्या भावानं एवढा वेळ लावला नसता."

"नसता," मी म्हणाले.

तिनं एक डाग पडलेलं फळ तोडून ओच्यात टाकलं आणि पुढच्या ओळीला लागली.