हीलरचं पत्रक

माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. नांदेडला आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत कागदाचे गठ्ठे असायचे. कुठल्या वस्तीचं पाणी, कुठल्या मुलींचं वसतिगृह, कुठल्या कामगारांना काढून टाकलेलं. बाबा मजकूर लिहायचे, आई आणि मी घड्या घालायचो, आणि संध्याकाळी मी बसस्टँडवर वाटायला जायचे. बाबांचा एक दंडक होता. पत्रक छापायला देण्याआधी ते ज्याला पटणार नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. समोरच्या टपरीवाल्या चाचांना जगातलं काहीच पटत नसे. चहा उकळता उकळता ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सब बराबर हाय मास्टर, पन..." त्या 'पन'नंतर बाबा निम्मं पत्रक नव्यानं लिहायचे.

लातूरला आले तेव्हा 'पन' म्हणणारं कुणी उरलं नाही. औसा रोडवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी मजकूर जुळवते. दिवसभर 'भावी' माणसांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. पत्रकांवर वाढलेल्या मुलीचं हे काम नव्हे, पण नांदेडला कामच मिळालं नाही. सातला दुकान बंद झालं की खोलीवर यायचं आणि खिचडी लावायची. एका रविवारी संध्याकाळी भाजीवालीला "मेथी द्या" म्हणायला गेले, तर आवाज फुटेना. सकाळपासून तो वापरलाच नव्हता.

त्याच दिवसांत मी फोनवर तो गेम घेतला. चौघांची टोळी करून जंगलात, भुयारांत राक्षसांशी लढायचं. प्रत्येकानं एक कसब निवडायचं आणि तेच वाढवत न्यायचं. मी हीलर झाले. हीलरनं लढायचं नाही, मागं उभं राहून बाकीच्यांच्या जखमा भरायच्या. ढाल घेऊन पुढं राहणारा उदगीरचा किराणा दुकानदार होता, गल्ल्यावर बसून खेळायचा. तलवारवाला किल्लारीचा जीप ड्रायव्हर, सीट भरेपर्यंत स्टँडवर खेळायचा. चौथा तिरंदाज. नावाखाली गाव लिहिलं होतं, बिलोली. त्याचा माइक कायम बंद.

"ताई, मेलो मेलो! हील टाक!"

"थांबा, आधी उदगीरकरांना."

"त्यांचं काय, ते साखर तोलून राहिलेत. मला टाक!"

"अर्धा किलोच हाय, आलोच," दुकानदार म्हणायचा.

आणि ऐन लढाईत ड्रायव्हर सांगायचा, "चला, सीट भरली," की आम्हाला राक्षसासमोर सोडून तो जीप काढायचा. रोज संध्याकाळच्या त्या दोन तासांत मला पन्नास वेळा 'ताई' म्हणून हाक यायची. दिवसभरात मला तेवढ्याच हाका.

आठ महिने असे गेले. एका संध्याकाळी मोठा साप मारला आणि ड्रायव्हर खुशीत म्हणाला, "ताई हाय म्हणून बरंय. मलमपट्टी बायांनाच जमती."

दुकानदार हसला. मी पेटले. "मग पुढच्या महिन्यापासून तुम्ही करा. पाळीपाळीनं."

"आमाला न्हाई जमत ते. तू हायेस की."

मी खिचडी तशीच ठेवली आणि पत्रक लिहिलं. टोळीच्या ग्रुपवर सगळे रोमन अक्षरांत दोन-दोन शब्द टाकायचे. मी देवनागरीत तीन परिच्छेद टाकले. 'तुमचे विजय जखमा भरणाऱ्यांच्या श्रमावर उभे आहेत. हे काम दर महिन्याला पाळीपाळीने सर्वांनी करावे, अशी आम्ही मागणी करतो. अन्यथा आम्ही काम थांबवू.' पत्रकात 'आम्ही' लिहायचं, हे हाताला लागलेलं वळण. खाली सही करायला मी एकटीच होते. आणि पाठवण्याआधी ते कुणाला वाचून दाखवलं नाही. दाखवणार कुणाला?

"ताई, इलेक्शनला उभी राहिलीस का?" ड्रायव्हरनं लिहिलं. दुकानदारानं लिहिलं, "नंतर वाचतो, गिऱ्हाईक हाय." बिलोलीच्या तिरंदाजानं काहीच लिहिलं नाही.

गेममध्ये कसब बदलायला एक मुळी लागते. ती प्रत्येकाला महिन्यातून एकदाच मिळते. ती घेऊन डोंगरावरच्या म्हाताऱ्याकडं जायचं. तो एकदाच विचारतो, नक्की का? हो म्हटलं की शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि ते गुण नव्या कसबात भरता येतात. माझी विष उतरवायची विद्या गेली, पडलेल्याला उठवायची गेली. एकेक चित्र राखाडी झालं. सगळे गुण मी धनुष्यात ओतले आणि टोळी सोडली. वाईट वाटलं नाही, असं तेव्हा मी स्वतःला बजावलं.

पुढचे तीन आठवडे मी एकटीनं लांडगे मारले. नेम चांगला बसत होता. कुणी बघत नव्हतं. कडेच्या यादीत ते तिघं खेळताना दिसायचे, म्हणून ती यादीच मी बंद करून टाकली.

रविवारी बाबांचा फोन आला. "काय करून राहिलीस?" मी लाजत लाजत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "वाच."

मी पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. पलीकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"मागणी रास्त हाय," बाबा म्हणाले. "दोघं काय म्हनले ते कळलं. चौथा काय म्हनला?"

"तो बोलत नाही, बाबा."

"तू विचारलंस?"

आठ महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी यादी पुन्हा उघडली. तिघं भुयारात लढत होते. दाराशी उभं राहून कुणालाही बघता येतं, ऐकता येतं, म्हणून गेले. ड्रायव्हर ओरडत होता, "वैद्यबुवा, मेलो! हील टाका!" बिलोलीवाल्याच्या हातात धनुष्य नव्हतं. हिरव्या उजेडाची काठी होती, हीलर असताना माझ्याकडं होती तशीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काम सोडलं तर यांनी ते सर्वांत मुकाट माणसाच्या माथी मारलं! मी त्याला एकट्याला लिहिलं, "तुझ्यावर जबरदस्ती केली का?"

लढाई संपल्यावर उत्तर आलं. "नाही. मीच माझी मुळी म्हाताऱ्याला दिली."

"का?"

"दोन वर्षं तीर मारला. मागं उभा असतो. कुणी काही म्हणत नाही. तुला सारखे बोलवायचे." आणि थोड्या वेळानं, "आता मला बोलवतात."

मी फोन पालथा ठेवला. ज्याला मी पिळवणूक म्हणत होते, त्याच्याकडं हा माणूस आठ महिने मागं उभा राहून आशेनं बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले.

"आली का ताई! नवं पत्रक आणलं का?"

"मलमपट्टी बायांनाच जमते म्हणत होतात ना?"

"बुवांनाबी जमतीय की," ड्रायव्हर म्हणाला. "चुकलं बाई माझं."

मी धनुष्य घेऊन मागं उभी राहिले. तिरंदाजाला खरंच कुणी हाक मारत नाही. मारायचं कारणच पडत नाही. कधी कधी दोन तासांत माझ्या वाट्याला एक 'ताई' यायची, तीही निघताना.

महिना संपला, माझ्या झोळीत नवी मुळी आली. त्याच संध्याकाळी दुकानदार म्हणाला, "ताई, तुझ्या कागदात पाळी लिवली होती. आता तुझी आली."

त्यानं ते सगळं वाचलं होतं. बिलोलीवाला काठी खाली करून जागच्या जागी उभा राहिला. मला हो म्हणायचं होतं. ते पन्नास 'ताई' मला परत हवे होते.

"ती मागणी मी मागं घेते," मी म्हणाले. "काम त्यांच्याकडंच राहू द्या. त्यांना नकोसं होईल तेव्हा मी घेईन." आमच्या घरात मागणी मागं घ्यायची पद्धत नाही.

"म्हंजे संप मिटला," ड्रायव्हर म्हणाला. "चला, सीट भरायच्या आत एक राक्षस मारू."

भुयारात शिरताना एक लांडगा मला ओरबाडून गेला. एवढीशी जखम मिनिटभरात आपोआप भरते. तरी मी माइक चालू केला आणि म्हणाले, "वैद्यबुवा, जरा इकडं या हो."

तो सगळ्यांना सोडून धावत आला.