पिटच्या बहिणीचा हट्ट

कॉरीबाईंना इंग्रजी उत्तम यायचं, पण माझ्याशी त्या कधी इंग्रजीत बोलल्या नाहीत. आम्ही पुण्याहून नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला आलो, त्याच आठवड्यात त्या सफरचंदाचा केक घेऊन दारात उभ्या. मी इंग्रजीत आभार मानले, तर डचमध्ये म्हणाल्या, "मी सावकाश बोलते. तू सावकाश ऐक." वय सत्त्याऐंशी, पाठ ताठ.

कारण पुढे कळलं. त्यांचा थोरला भाऊ पिट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या देशातून निसटून इंग्लंडला गेला, लढाऊ वैमानिक झाला आणि परतला नाही. युद्ध संपल्यावर एक ब्रिटिश अधिकारी घरी आला. घरात इंग्रजी कळत होतं ते फक्त चौदा वर्षांच्या कॉरीला. "तो काय म्हणाला ते आईला मीच सांगितलं. त्यानंतर ती भाषा तोंडात घ्यावीशी वाटली नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्या कपात कॉफी ओतू लागल्या.

करोनाच्या पहिल्या वर्षी गावच्या छोट्या संग्रहालयात पिटवर प्रदर्शन भरायचं होतं. फलकाचा मजकूर बाईंकडे तपासायला आला. मी बाहेर बागेत, त्या आत. कागद त्यांनी काचेला लावला आणि एका शब्दावर बोट ठेवलं : 'निर्भय'.

"हे खोटं आहे," फोनवर म्हणाल्या. "पिटच्या सामानात माझ्या नावाचं पत्र होतं, टाकायचं राहिलेलं. दर उड्डाणाआधी त्याला उलटी व्हायची. 'आईला सांगू नकोस,' असं लिहिलं होतं. नाही सांगितलं. आई गेली तरी कुणाला नाही सांगितलं."

"मग आता का?"

"आता ते त्याचा पुतळा करायला निघालेत. तो घाबरायचा आणि तरी जायचा, पोरी. निर्भय माणसाला त्यात काय अवघड?"

दाराच्या फटीतून त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी त्याची प्रत संग्रहालयाला पाठवली. तिथले गृहस्थ भले होते, पण अडून बसले. म्हणाले, लोकांना वीर बघायचा असतो. बाईंचं उत्तर तयार होतं : "मग मी दिलेले फोटो परत द्या."

हा वाद चालू असतानाच त्यांना ताप भरला. ॲम्ब्युलन्सपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. मला कुंपणाशी पाहून थांबल्या. "पत्र आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग ठीक." पुन्हा त्या घरी आल्या नाहीत. अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. रिकाम्या खुर्च्यांचं ते सभागृह बघवत नव्हतं.

आठवड्याभराने त्या गृहस्थांचाच फोन आला. "पत्र घेऊन या," एवढंच म्हणाले.

निर्बंध सैल झाल्यावर प्रदर्शन उघडलं. एका वेळी एकच माणूस आत, तोही दहा मिनिटं. फलकावर 'निर्भय' नव्हतं. काचेखाली पत्र होतं, शेजारी बावीस वर्षांच्या पिटचा फोटो. माझी वेळ संपली तसे ते गृहस्थ जवळ आले.

"विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही बाईंच्या घरच्या का?"

"शेजारीण," मी म्हणाले आणि पुन्हा काचेखालच्या पत्राकडे वळले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "थांबा हवं तेवढं," म्हणाले आणि बाहेरच्या रांगेला सांगायला गेले.