पुसायचं नाही, टिपायचं

गाड्या कोरड्या करायच्या बावीस टॉवेलांना मी गुलाबाचा वास लावला. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बहुतेक घोळांमागे हेतू चांगलाच असतो, हे आईसुद्धा मान्य करते.

मामाचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. पदवी हातात आल्यावर मी नोकरी शोधत होतो आणि नोकरी काही मला शोधत नव्हती, म्हणून मामाने मला काउंटरवर पावत्या लिहायला बसवलं. त्या गुरुवारी आत्या डोळे तपासायला गेली होती. जाताना बजावून गेली, "टॉवेल भिजत घातलेत. त्यांना हात लावू नकोस." मला वाटलं, बिचारी एकटी किती करणार! मी टॉवेल मशीनमध्ये घातले आणि कपडे मऊ करायचं ते गुलाबी औषध मिळतं ना, ते अर्धी बाटली ओतलं. बाटलीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक बाळ हसत होतं. मी त्या बाळावर विश्वास ठेवला.

आता आत्या कोण ते सांगायला हवं. ती माझी सख्खी आत्या नाही, सेंटरवर कुणाचीच नाही. पण घरातल्या कर्त्या माणसाला सगळ्यांसमोर टोकायचा हक्क जसा आत्यालाच असतो, तसा मामाला टोकायचा हक्क हिने पहिल्याच आठवड्यात घेतला, तेव्हापासून ती आत्या. नात्याच्या हिशेबाने मामा आईकडचा आणि आत्या बापाकडची, त्यामुळे दोघांचं रोजचं भांडण रीतसरच म्हणायला हवं.

आधी एकोणीस वर्षं ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. रोज चारशे चादरी. तिथलं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलं आणि आत्या घरी बसली. मामाने तिला ठेवलं ते मागच्या खोलीत टॉवेल धुण्यापुरतं. तिने तीन दिवस दारातून पोरांचं गाड्या पुसणं पाहिलं आणि चौथ्या दिवशी एकाच्या हातातला टॉवेल काढून घेतला.

"भांडी घासतोयस का रे? गोल गोल काय फिरवतोस? पुसायचं नाही, टिपायचं."

तेव्हापासून गाडी कोरडी करणं तिच्याकडे आलं. पण रोजंदारीवरच. गाड्या नसल्या की रोज बुडाला. शिवाय मामाच्या डोक्यात हवेने गाडी वाळवणारं मशीन घ्यायचं शिरलं होतं. मशीन आलं की आत्या पुन्हा मागच्या खोलीत, तेही अर्धा दिवस.

अशात चौदा गाड्यांचे साहेब आले. त्यांच्या भाड्याच्या चौदा गाड्या, सगळ्या काळ्या आणि सगळ्यांना कोटिंग केलेलं. कोटिंग म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ थर. त्यावर पाणी टिकत नाही, मोत्यांसारखं घरंगळतं. पण कोरडं करताना चूक झाली तर काळ्या रंगावर रेघा अशा उठतात, की लांबून वाटावं गाडीवर कुणीतरी खडूने हिशेब मांडलाय. साहेब म्हणाले, शुक्रवारी एक गाडी आणतो, बघू. मामा आत्याला म्हणाला, "हे काम मिळालं तर तुला महिन्याच्या पगारावर घेतो. नाही मिळालं तर मशीन."

आत्या म्हणाली, "लिहून दे."

मामाने दिलं नाही, पण "बरं" म्हणाला. मामाचं "बरं" आम्ही लिहिलेलंच धरतो.

शुक्रवारी सकाळी गाडी धुतली, सावलीत घेतली. साहेब आत मामासमोर चहा घेत बसले. आत्याने नवा चष्मा सावरला, कपाटातला वरचा टॉवेल बॉनेटवर अंथरला आणि सावकाश ओढला. मागे पाणी नाहीसं व्हायला हवं होतं. उलट तेलकट पट्टा उमटला. तिने टॉवेल उलटा केला. आणखी एक पट्टा. दुसरा टॉवेल घेतला, तीच गत. मग तिने टॉवेल नाकाशी नेला.

ती माझ्याकडे बघत होती. मी पावतीपुस्तकाकडे.

"पदवीधर, हा वास कसला?"

"गुलाबाचा."

"किती घातलंस?"

"अर्धी बाटली."

"घरच्या अंगपुसण्यांना घालतोस?"

"नाही."

"मग गाडी काय तुझी सोयरी आहे, तिला वास लावायला?" ती एवढंच बोलली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "त्या औषधाचा थर धाग्यांवर बसतो. मग टॉवेल पाणी पीत नाही, नुसतं फासतो. सगळे धुतलेस?"

"सगळे. बावीस."

तिने दाराकडे पाहिलं. आत मामा हसत होता, म्हणजे अजून दुसरा चहा व्हायचा होता.

"आधी गाडी ओली कर. अर्धवट वाळली की डाग बसतात. बॉनेटला पुन्हा शांपू लाव. आणि मग धावत चहावाल्याकडे जा. उकळतं पाणी, दोन पातेली."

मी धावलो. चहावाला म्हणाला, "बाळंतपण आहे का कुणाचं?" मी म्हटलं, "जवळजवळ."

आत्याने सगळे टॉवेल हुंगून त्यातल्या त्यात कमी वासाचे तीन निवडले. घमेल्यात ठेवून गरम पाणी ओतलं, लाकडी दांड्याने ढवळलं, पिळले. पाण्यावर साबणासारखी साय आली. फेकलं, पुन्हा ओतलं. मग पिळलेला टॉवेल काउंटरच्या खिडकीच्या ओल्या काचेवरून ओढला आणि मान वाकडी करून काच बाजूने पाहिली. रेघ होती. तिसऱ्यांदा पाणी. पुन्हा रेघ, पण बारीक. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी म्हटलं, "मी पिळतो." ती म्हणाली, "तू लांब राहून मदत कर."

पाचव्या पाण्याला काच स्वच्छ निघाली. दोन टॉवेल वाचले, तिसरा काही केल्या गुलाब सोडेना.

"दोन टॉवेलांत अख्खी गाडी?" मी विचारलं.

"गाडी तर पाणीच कोरडी करणार आहे." तिने पाइपाचं फवाऱ्याचं तोंड काढून टाकलं. नुसतं पाणी, जोर न लावता, टपाच्या मधोमध सोडलं. फवारा मारला की थेंब उडतात आणि तिथेच बसून राहतात. असं सोडलेलं पाणी मात्र एकसंध पडदा होऊन खाली सरकलं आणि जाताना वाटेतले थेंब घेऊन गेलं. टप, काच, बॉनेट, मग बाजू. मी पावत्या लिहिणारा माणूस, पण त्या काळ्या रंगावरून पाणी आपण होऊन उतरताना बघत राहिलो. उरले ते मोजके थेंब. हवेच्या पाइपने तिने आरशांच्या फटी, दारांच्या मुठी, नंबरप्लेटची मागची बाजू फुंकून काढली. मग टॉवेल अंथरायचा, थोपटायचा, उचलायचा. वरून खाली. जोर नाही, घाई नाही, त्या वेळीही नाही.

साहेब बाहेर आले तेव्हा ती गाडीच्या मागच्या दाराशी होती. साहेब जाणते निघाले. समोरून बघितलंच नाही, सरळ उकिडवे बसून उजेडाच्या तिरक्या रेषेत बाजू पाहिली. मग दार उघडलं. आतल्या कडेतून पाण्याचा एक ओघळ निघाला. मामाने डोळे मिटले. आत्याने टॉवेलाचं टोक आधीच खाली धरलं होतं.

"तिथलं दार उघडल्याशिवाय येत नाही," ती म्हणाली. "मी वाटच बघत होते."

साहेब मामाला म्हणाले, "तुम्ही मशीन घेणार म्हणत होतात?"

मामाने घसा साफ केला. "विचार चालू आहे."

"ते दारामागचं ओळखतं का?"

मामाने आत्याच्या हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं.

"सोमवारी चार पाठवतो. बघू मग बाकीच्या," साहेब म्हणाले आणि गेले.

चार आल्या, मग आठ, महिनाभराने चौदाच्या चौदा. मामाचं "बरं" लिहिल्यासारखंच निघालं. पहिल्या पगाराच्या दिवशी आत्याने सगळ्यांना चहा पाजला आणि मामाला सांगितलं, नवे टॉवेल घे, जुने फरशीला.

माझं नाव तिने मामाला सांगितलं नाही. पहिल्या चार गाड्या आल्या त्या सोमवारी मीच सांगितलं. मामा म्हणाला, "मला गुरुवारीच वास आला होता. वाटलं, कुणीतरी अत्तर लावून आलंय." पण आत्याने माझा हिशेब वेगळा ठेवला होता.

"भरपाई पाहिजे," ती म्हणाली.

"किती?"

"पैसे असते तर तू इथं असतास का? मला गाडी शिकव."

हजारो गाड्यांना तिचा हात लागला, पण स्टिअरिंगला कधीच नाही. आता तर अडचणच होऊ लागली. चौदा गाड्या ओळीने उभ्या, ऊन चढतंय, आणि गाडी सावलीत घ्यायला कुणी मोकळा होईपर्यंत हिने खोळंबायचं. मी दहा दिवसांत शिकवतो म्हणालो. माझा हेतू चांगला होता.

मामाच्या जुन्या व्हॅनवर, दुपारच्या सुट्टीत, मागच्या आवारात आम्ही सुरुवात केली. क्लच तिला दोन दिवसांत जमला. "शिवणयंत्रासारखंच आहे की," म्हणाली. आता ती पुढे जाते, वळते, थांबते, परवा तर सावलीच्या रेघेवर बरोबर चाक लावून थांबली. तिच्या हातात लायसन्स आलेलं मला दिसतंय. पण रिव्हर्स राहिलाय. आरशात बघ म्हटलं की ती मागचं बघत नाही, आरसाच बघते. त्यावर डाग दिसतो, ब्रेक लागतो, खिशातून टॉवेल निघतो. दहाचे सव्वीस दिवस झाले.

"पदवीधर," ती रोज विचारते, "माझ्या रिव्हर्सचं काय?"

मी रोज उद्या म्हणतो.