लिनक्स काढलं तो दिवस

बायकोच्या कंप्युटरला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एकच कायदा, आणि तो मीच मोडला. त्यात दोन सिस्टिम होत्या: विंडोज तिचं, लिनक्स माझ्या हौसेचं. जागा पुरत नाही अशी तिची कुरकुर, म्हणून ती पापनाशमला शाळेत शिकवायला गेल्यावर मी लिनक्स पुसून टाकलं. वाटलं, शाबासकी मिळेल. कसली शाबासकी, हात दाखवून अवलक्षण! सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा छोटा प्रोग्रॅमही लिनक्सबरोबर गेला आणि विंडोजकडे जायची वाटच बंद. पडदा काळा. आत तिच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, उद्या सकाळी द्यायच्या.

दुरुस्तीचा पेनड्राइव्ह होता. त्यानं आधी भाषा विचारली. आम्ही तंजावरची माणसं घरात मराठी बोलतो, लिहितो तमिळ अक्षरांत. देवनागरीत मला ‘मराठी’ हा एवढाच शब्द ओळखता यायचा. अभिमान बघा, तोच दाबला. मग पडदाभर देवनागरी आणि मी ठार आंधळा. बंद करून पुन्हा इंग्रजी निवडता आलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

घरात ती लिपी वाचणारे एकटे सासरे. माझे सख्खे मामाच ते, आमच्यात चालतं. माझ्याबद्दल त्यांचं मत काय, हे मी कधी विचारलेलं नाही. झक मारत त्यांच्याकडे गेलो. मामांनी पाय धुतले, चष्मा पुसला आणि पोथी वाचावी तसे पहिल्या ओळीपासून लागले. मला घाई, आणि त्यांची तक्रार की ही कुठली मराठी, आपल्यात असं कोण म्हणतं. कंटाळून मी सगळ्यात मोठ्या बटणाकडे बोट नेलं, तसं त्यांनी मनगट धरलं.

“डिस्कवरचं सगळं पुसून टाका, असं लिहिलंय. हेच पाहिजे तुला?”

मी बोट मागे घेतलं. मग त्यांनी दाखवलेलं दुरुस्तीचं बटण दाबलं. काम झाल्यावर मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होत होतं, पडदा अजून काळाच, तेवढ्यात बायको दारात. कुणी हात लावला, तिनं विचारलं.

“मी,” मामा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि कॉफी करायला आत गेली. मागोमाग विंडोज आलं, प्रश्नपत्रिका जागच्या जागी. मला रडूच यायचं बाकी होतं. जन्मात खोटं न बोललेला माणूस, माझ्यासाठी बोलला! मी पाया पडायला वाकलो.

“उद्या सकाळी सहाला पाटी घेऊन समोर बस,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर सांगेन तिला.”