लॉगबुकात लिहिलेल्या दोन ओळी

"हातमोजे काढ," आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, माझा हात चुकून कुठे लागला असेल, दुसरी जोडी घालायला सांगतायत. लेबर रूममध्ये असं होतं. मी कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन चढवून टेबलाच्या पायथ्याशी उभी होते. टेबलावरची बाई कण्हत होती. वेळ जवळ आली होती. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते मी, आणि माझ्या हातून होणारी ही पहिली प्रसूती असणार होती.

"काढ आणि बाहेरचं बघ. हिला करू दे."

ही म्हणजे माझ्याच वर्गातली मुलगी. भाईंदरजवळच्या राई गावातली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून नवे मोजे चढवायला लागली. मी माझे काढले, बादलीत टाकले आणि बाहेर आले.

कारण मला माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वी त्या बाईची सासू बाहेर बाकावर बसली होती. माझ्याशी चांगली बोलत होती. आम्ही मूळचे गिरगावचे, आता इकडे मीरा रोडला मोठी जागा घेतली, हे पहिलंच नातवंड, असं सगळं सांगत होती. मग तिने विचारलं, आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं. तिचं बोलणं तिथेच थांबलं. थोड्या वेळाने मॅडम आल्या तशी ती उठली आणि माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "पहिलं बाळ आहे आमचं. जरा बघून मुलगी द्या ना आत."

काय बघून, ते मॅडमनी विचारलं नाही. नुसती मान हलवली.

बाळ झालं. त्याचं रडणं मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मग मॅडमनी दार उघडून मला हाक मारली. जमिनीवर वारेची बादली होती. रक्ताने भिजलेल्या चादरी होत्या. ते उचलायला हॉस्पिटलची मावशी तिथेच उभी होती. तरी मॅडमनी मला सांगितलं.

"तुला सवय असेल. तुझी आई हेच करते ना?"

वर्गातल्या चार मुली बघत होत्या. मी बादली उचलली.

बाळाला माझा हात चालला नसता. बाळाची वार चालली.

माझी आई हेच करते, हे खरं आहे. भाईंदर पूर्वेला एका छोट्या दवाखान्यात ती मावशी आहे. बाबा स्टीलच्या कारखान्यात पॉलिशला. आम्ही हिंगोलीकडचे, बौद्ध. मी जन्मले ती इथेच, मीरा रोडच्या पेणकरपाड्यात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली.

नर्सिंगला जायचं तर काय काय लागतं, ते मला तोंडपाठ आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी. मग सीईटी. मग प्रकृती ठणठणीत असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट. आणि आमच्यासारख्यांना जातीचा दाखला, त्यावर पुन्हा तो दाखला खरा असल्याचा दाखला. त्यासाठी बाबा सुट्ट्या टाकून तीन वेळा गावी गेले. आजोबांचं नाव कुठल्या शाळेच्या कुठल्या रजिस्टरमध्ये आहे ते शोधत फिरले. एका कारकुनाने सांगितलं, अक्षर पुसट आहे, चालणार नाही. दुसऱ्याने सांगितलं, स्पेलिंग जुळत नाही. मी कोण आहे हे सरकारला पटायला एक वर्ष लागलं.

त्या सासूला एक शब्द पुरला.

ॲडमिशन झाल्यावर खऱ्या अटी सुरू होतात. हजेरी. वॉर्डातले ठरलेले तास. आणि लॉगबुक. लॉगबुक म्हणजे एक जाडजूड वही. किती प्रसूती बघितल्या, किती जणींना मदत केली, किती स्वतःच्या हाताने केल्या, हे सगळं तिच्यात लिहायचं. प्रत्येक ओळीपुढे मॅडमची सही. ठरलेला आकडा पुरा झाला नाही, सह्या नसल्या, तर परीक्षेला बसता येत नाही. पदवी वगैरे पुढची गोष्ट.

पहिल्या वर्षी आम्हाला पहिलं शिकवलं ते हे, की किळस बाजूला ठेवायची. मी ठेवली. पू धुतला. उलटी पुसली. म्हाताऱ्या माणसांचं बेडपॅन काढलं, त्यांना पुसून कोरडं केलं, कुशीवर वळवलं. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आजही वाटत नाही. पण तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की बेडपॅन माझ्या एकटीच्याच वाट्याला येतायत. सुई लावायची वेळ आली की दुसरी मुलगी. टाके बघायला दुसरी. प्रसूतीला दुसरी. मी घाण धुवायच्या खोलीत. आधी वाटलं, माझंच काही चुकत असेल. मी आणखी लवकर यायला लागले. युनिफॉर्मला जास्त कडक इस्त्री करायला लागले. नखं तर इतकी कापायची, की रक्त यायचं.

तेव्हाच्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, आता विचार केला, की मला राग येतो. स्वतःला घासत बसली होती. घाण कुठे आहे तेच तिला कळलं नव्हतं.

त्या दिवशी बादली रिकामी करून आले, तेव्हा मॅडम हात धुऊन उभ्या होत्या. गोरे, स्वच्छ हात. त्यांना पावडरचा मंद वास होता. त्या हाताने त्यांनी राईच्या मुलीच्या पाठीवर थाप दिली. मला त्या हाताची किळस आली. पू, शी, रक्त, कशाची आली नव्हती तेवढी. मी बेसिनपाशी गेले आणि ओकले.

मॅडम मागून म्हणाल्या, इतकं नाजूक असेल तर या लाइनमध्ये यायचं नाही.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला वाढवायलीस? सही घे अन् मोकळी हो."

मी काही वाढवलं नाही. महिने गेले. टर्म संपायला आली. सगळ्यांची लॉगबुकं तपासायची वेळ झाली. माझ्या वहीत 'स्वतः केलेल्या प्रसूती' या पानावर एकही ओळ नव्हती. मॅडमनी मला बाजूला बोलावलं. आवाज एकदम गोड. म्हणाल्या, काळजी करू नकोस, मैत्रिणीच्या वहीतून केस उतरवून घे, आकडा भर, मी सगळ्या सह्या देते, तुझं वर्ष मी कशाला घालवू.

आणि मी उतरवायला बसले. हे मला लपवायचं नाही. राईच्या मुलीने तिची वही दिली. मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून भराभर लिहायला लागले. आईचं वय, कितवं बाळंतपण, बाळाचं वजन, वार किती मिनिटांनी पडली. चार केस लिहिल्या. चार बायका, ज्यांना मी हातही लावलेला नव्हता. पाचवी केस आली. तारीख बघितली. तीच होती. गिरगावच्या सासूची सून. मुलगी झालेली.

माझा पेन थांबला.

ज्या बाळाला माझा हात नको होता, ते माझ्या हातावर जन्मलं असं मी माझ्या अक्षरात लिहिणार होते. आणि मॅडम त्यावर सही करणार होत्या. मला बाहेर काढणाऱ्याही त्याच, मी आत होते असं लिहून देणाऱ्याही त्याच. उद्या एखाद्या बाईचं रक्त थांबत नसताना मी तिथे उभी असणार, आणि माझ्या हातांना काही येत नसणार. माझ्याकडे फक्त सह्या असणार. मला माझीच शिसारी आली.

चारही केसवर मी आडवी रेघ मारली. खाली ती तारीख घातली आणि दोन ओळी लिहिल्या. अख्खी वही इंग्रजीत आहे. या दोन ओळी मी मराठीत लिहिल्या.

"आडनाव विचारल्यावर मला हातमोजे काढून बाहेर जायला सांगितलं. प्रसूती झाल्यावर वारेची बादली आणि चादरी मी उचलल्या."

सहीची जागा रिकामी सोडली आणि वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी दोनदा वाचलं. "हे काय लिहिलंयस?"

"जे केलं ते."

"पान फाड."

"नाही फाडणार."

"परीक्षा विसर मग," त्या म्हणाल्या आणि वही माझ्याकडे ढकलली.

राईच्या मुलीला मी त्याच दुपारी गाठलं. तिथे जे झालं ते तिने बघितलं होतं. एवढंच लिहून दे म्हटलं. ती रडायला लागली. "माझी वही पन त्यांच्याच हातान हाय. मना न्हाय जमनार." मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्यावर चिडलेही नाही. पण तेव्हापासून तिच्या डब्यातलं काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

संध्याकाळी आईसमोर वही उघडून ठेवली. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत तिने त्या दोन ओळी वाचल्या. मला वाटलं, ओरडेल.

पण ती म्हणाली, "बारा वर्षं झाली मला वार उचलायला. माझं आडनाव कुणी इचारलं न्हाई. त्या कामाला इचारायची गरजच पडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. माझ्याबरोबर कॉलेजात आली.

प्रिन्सिपलनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. पेशंट नाराज झाला तर दुसऱ्या हॉस्पिटलात जातो, तू पण नर्स होणार आहेस, समजून घ्यायला शिक, असं बरंच बोलले. मी लेखी तक्रार पुढे ठेवली. एक प्रत त्यांना, दुसरीवर मला पोच हवी होती. पोच द्यायला ऑफिसातला क्लार्क तयार होईना. शिक्का सापडत नाही म्हणाला. साहेब जेवायला गेलेत म्हणाला. आई खिडकीसमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. मागे रांग वाढत गेली. दुपारी चारला शिक्का सापडला.

मग चौकशी समिती नेमली. तिघेजण होते. त्यांनी मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. मॅडमनी जातीचं नाव घेतलं का?

नाही घेतलं, मी म्हटलं.

मग तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

तिघंही शिकलेले. तिघांनाही कळलेलं. कळलेलं आहे हे लपवताना माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मी तिथे जवळून बघितलं. राईच्या मुलीला बोलावलं, तर तिने सांगितलं, आठवत नाही.

मी परीक्षेला बसले नाही. वर्ष गेलं. माझी बॅच पुढे गेली, मी मागच्या मुलींबरोबर बसायला लागले. समितीचा निर्णय आजवर आला नाही, मॅडमना कुणी काही केलं नाही. मला मात्र कॉलेजने राहिलेले तास पुरे करायला एका सरकारी प्रसूतिगृहात पाठवलं. माझी ब्याद जावी म्हणून पाठवलं असेल. तिथल्या वयस्क सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बघत काय उभी राहतेस, हात धू.

टेबलावर उत्तर प्रदेशातली एक बाई होती. घामाने निथळत होती. तिने माझं मनगट धरलं. "दीदी, छोड़ना मत." नाव विचारलं नाही, काही नाही. सिस्टर बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, घाई नको, डोक्याला आधार दे, आता खांदा. बाळ माझ्या दोन्ही हातांवर आलं. गरम, बुळबुळीत, रागावलेलं. मॅडमच्या जागी सिस्टरनी सही केली. ती ओळ खरी आहे. त्यानंतरच्या सगळ्या ओळी खऱ्या आहेत. आकडा मी पुरा केला.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं नाही. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरायला गेले, तर फॉर्मला जोडून क्लार्कने एक टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. माझ्या नावाने लिहिलेलं. मी गैरसमजातून तक्रार केली होती, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही, वगैरे. खाली सहीसाठी जागा. तो हळू आवाजात म्हणाला, हे झालं की फॉर्म पुढे जाईल, पदवीच्या तोंडावर आलीस, कशाला अडकून बसतेस. बोलताना तो हसत होता. त्याला खरंच वाटत होतं, की तो मला मदत करतोय.

त्या हसण्याची मला तशीच किळस आली. पण या वेळी मी बेसिनकडे गेले नाही. पत्र त्याच्यासमोर वाचलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. सही न करता परत दिलं आणि फक्त फॉर्मची पोच मागितली.

फॉर्म अजून त्यांच्याकडेच आहे. पुढे पाठवतील किंवा दाबून ठेवतील. दाबला तर मी विद्यापीठात जाईन, तिथून पुढे जाईन. तक्रार मागे घेणार नाही. पदवी दिली तरी नाही, अडवली तरी नाही. समितीने पुन्हा बोलावलं, तर पुन्हा तेच सांगेन. सावकाश, शब्द न शब्द, त्यांना लिहून घेता येईल असं.