सहाशे वर्षांची खरवड

एका बाईचं भांडं मी लख्ख घासलं, आणि ती त्यात काय शिजवत होती हे कळायची एकुलती एक सोय नाल्यात सोडून दिली. बाई मरून सहाशे वर्षं झाली होती. त्याने माझा गुन्हा कमी होतो असं मला वाटत होतं, होत नाही.

मँचेस्टरहून ट्रेनने तासाभरावर एक जुनं बाजाराचं गाव आहे. तिथे चर्चमागच्या मोकळ्या जागेत सुपरमार्केट व्हायचं होतं. त्याआधी खाली काय आहे ते बघायला पुरातत्त्ववाले खणत होते, आणि शनिवारी आमच्यासारख्या हौशी लोकांना मदतीला घेत होते. मी हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. पाठीचं दुखणं सांगितल्यामुळे मला खड्ड्यात न उतरवता खापरं धुवायला बसवलं. समोर प्लॅस्टिकचा टब, हातात जुना टूथब्रश, सुकवायला वर्तमानपत्र. एवढं शिकून साहेबाच्या देशात अखेर भांडी घासायलाच बसलो.

खणण्याचं काम बघत होती ती लंडनच्या हॅरोत जन्मलेली एक मराठी मुलगी. तिशीची, गुडघ्यापर्यंत चिखल. मराठी आईबापांकडून ऐकून आलेलं, अर्धं इंग्रजीत बुडालेलं. मला ती काका म्हणायची आणि माझ्या चहाच्या सुट्ट्या मोजायची.

त्या शनिवारी एका घराची चूल सापडली. चुलीवर भांडं तसंच होतं. वरच्या मातीच्या भाराने फुटलेलं, पण जागचं न हललेलं. बाहेरून काजळी, आतून नखाएवढी जाड काळी खरवड. बुडाचा तुकडा तेवढा मिळाला नव्हता.

"काका, असा कोण जातं?" ती चुलीकडे बघत म्हणाली. "आग चालू, फूड आत, आणि माणसं गेला. परत आलाच नाही कोणी. मला दोन वर्षांत या साइटवर फक्त हे एकच कळायला पाहिजे, त्या दिवशी इथे काय झालं." मग ते काळे तुकडे माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "हे बाजूला राहू दे. मी बघते." आणि पलीकडच्या खड्ड्याकडे गेली.

मी बाजूला ठेवले. पण नजर काही हलेना. माझी आई खरकटं भांडं मागे ठेवून कधी झोपली नाही. म्हणायची, खरकट्यापाशी गेलेली माणसं येऊन बसतात. त्यांचं पोटही भरत नाही आणि त्यांना उठवतही नाही. मी इंजिनिअर, माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही. फक्त आमच्या सिंकमध्ये रात्री भांडं नसतं.

आणि इथे तर सहाशे वर्षांचं खरकटं. मला वाटलं, कोण जाणे किती काळ कोणी बसून असेल. सोडवू या बिचारीला. चहाच्या खोपटातली हिरवी घासणी आणली, साबण आणला, तुकडे कोमट पाण्यात भिजत घातले आणि मन लावून घासले. खरवड सुटायला लागली तेव्हा करपल्या धान्याचा वास आला. शपथेवर सांगणार नाही, पण आला. काळं पाणी मी नाल्यात ओतलं. चर्चच्या मनोऱ्यावरून एक कावळा खाली आला, त्याने पाण्याकडे पाहिलं आणि चोच न लावता निघून गेला.

मुलगी परतली. एक तुकडा उचलून तिने आतल्या बाजूने अंगठा फिरवला.

"काका, आत होता ते कुठे?"

"निघालं सगळं," मी म्हटलं. "चिवट होतं जरा."

ती ओरडली नाही. पालथ्या बादलीवर बसली आणि सांगितलं की ती खरवड लॅबला जायची होती. कुठलं धान्य, कुठला ऋतू, घाईत पेटवलेली चूल की रोजची, जे काही कळणार होतं ते त्या काळ्या थरातून. "बुडाचा पीस मिळाला तर थोडं राहिला असेल," ती म्हणाली. "पुढचा शनिवार लास्ट. मग मशीन येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहाचं आधण ठेवायला नळाशी उभा राहिलो, तर डाव्या बाजूला जागा नव्हती. दिसत कोणी नव्हतं. पण परक्या घरी आलेली बाई नळ मोकळा व्हायची वाट बघत उभी राहते ना, तसं कोणीतरी तिथे होतं. गॅस बंद असताना करपल्याचा वास आला. मी सरकून उभा राहिलो. आठवडाभर सरकतच होतो. आईचं म्हणणं खरं धरलं तर सरळ होतं: तिची बसायची जागा मी घासून टाकली होती, आता ती घासणाऱ्याकडेच येणार. मला भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, आणि ती भीतीपेक्षा जास्त वेळ टिकते.

शेवटच्या शनिवारी पाठ विसरून मी खड्ड्यात उतरलो. चुलीभोवतीची माती मुठीमुठीने चाळली. खिळे निघाले, मेंढीचे दात निघाले, एक बांगडीएवढी लोखंडी कडी निघाली. बूड नाही. दुपारी कुंपणाबाहेर माती उपसायचं मशीन येऊन उभं राहिलं आणि ड्रायव्हर आत बसून सँडविच खाऊ लागला.

मुलगी काठावर आली. "बस झालं, काका. वर या."

वर आलो, आणि काय सुचलं कोणास ठाऊक, तिला सगळं सांगून टाकलं. आईचं, नळाचं, डाव्या बाजूचं. वाटलं हसेल. ती हसली नाही. हातमोजे काढून तिने चुलीकडे पाहिलं.

"ती माझ्याकडे नाही आली," ती म्हणाली. "दोन वर्षं मी इथे आहे, आणि तुमच्याकडे आली. ठीक आहे. उद्या आली की विचारा तिला, पॉटमध्ये काय होता. आणि काका, तोपर्यंत प्लीज, कशालाच हात लावू नका."