डब्यात किती चिठ्ठ्या होत्या

"निश्चित घटनेचं उदाहरण सांगा," सर म्हणाले. वर्गात कोणाचा हात वर गेला नाही. सरांनी खडू माझ्यावर रोखला. "सोपं आहे की. शनिवारी हिची चिठ्ठी निघणं."

वर्ग फुटला. पहिल्या बाकावरच्या मुली तर बाकावर डोकं टेकून हसल्या. सरांनी फळ्यावर लिहिलं, निश्चित घटना, संभाव्यता बरोबर एक. आणि कंसात माझं नाव. सुंदर अक्षरात. माझं नाव त्या फळ्यावर वर्षभरात पहिल्यांदाच आलं होतं.

आणि मी पण हसले. सगळ्या हसतात म्हणून हसले, ओढणी तोंडावर धरून. सरांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला आजही जास्त जाळतं.

कशाची चिठ्ठी, ते सांगते.

अर्धापूरची आमची मुलींची शाळा. दहावी ब. बेचाळीस मुली. शाळेला शिपाई एकच, तो हेडमास्तरांच्या ऑफिसातून हलत नसे. मग संडास कोण धुणार? आमच्या वर्गशिक्षकांनी, म्हणजे याच गणिताच्या सरांनी, तोडगा काढला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात वर्गातल्या मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या. दर शनिवारी प्रार्थनेनंतर पाचवीतली एखादी पोरगी बोलवायची, तिनं डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं झाडू, बादली, फिनेल उचलायचं. चिठ्ठी परत डब्यात. सर छाती काढून सांगायचे, "माझ्या वर्गात भेदभाव नाही. चिठ्ठीला जात नसते."

मला ते वाक्य फार आवडायचं. माझी वस्ती नाल्याच्या पलीकडे. गावात आम्हाला कोणी जात विचारत नाही, पत्ता सांगितला की पुरतं. अशा मुलीला कोणी सांगितलं की चिठ्ठीला जात नसते, तर ती त्या डब्यावर विश्वास ठेवणारच. मी ठेवला.

शनिवारचा पहिला तास गणिताच्या चाचणीचा. वीस मार्कांची. मी संडास धुऊन, हातपाय धुऊन वर्गात यायचे तेव्हा पेपर गोळा होत असायचे. सर माझ्या नावापुढे शून्य टाकायचे. पुन्हा पेपर नाही. "तुझं नशीब," म्हणायचे. दिवाळीपर्यंत पाच शून्यं झाली. पालकांच्या मीटिंगला सरांनी बोलावणं धाडून माझ्या बापाला ती शून्यं दाखवली आणि सांगितलं, "हिला गणित जमत नाही. दहावी निघाली तरी खूप झालं." बाप केळीच्या गाड्या भरतो. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा घालून तो उभा होता. "हाव साहेब, हाव साहेब," एवढंच म्हणत राहिला.

घरी माय म्हणाली, "माझ्या लेकराचं नशीबच खोटं हाय." दर शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायची. चिठ्ठी निघाली की पुढच्या शुक्रवारी मिरच्या वाढवायची. कोणाची नजर लागली, यावर शेजारणींशी तिचं बोलणं चालायचं. मीही मान डोलवायचे. किती मिरच्या जाळल्या त्या बाईनं.

सरांनी माझं नाव फळ्यावर लिहिलं त्या संध्याकाळी मी त्यांनीच दिलेला गृहपाठ घेऊन बसले. रागानं बसले. पहिलंच गणित: एका डब्यात एक ते बेचाळीस अंकांच्या चिठ्ठ्या आहेत, त्यातून न बघता एक चिठ्ठी काढली.

सरांनी पद्धत शिकवली होती. आधी नमुना अवकाश लिहायचा, म्हणजे जे जे निघू शकतं त्या सगळ्याची यादी. यादी चुकली की पुढचं सगळं चुकतं. मग आपल्याला हवी ती घटना. घटनेत किती, यादीत किती, भागाकार. डबा सरळ असेल तर प्रत्येक चिठ्ठीला संधी सारखी.

बेचाळीसात एक. म्हणजे माझी पाळी बेचाळीस शनिवारांत एखाद्या वेळी यायला हवी. सोळा शनिवारांत पाचदा कशी आली? मी वहीच्या मागच्या पानावर सोळाही शनिवार आठवून लिहिले. मी पाच वेळा. शबाना चार वेळा. शबाना म्हणजे गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची मुलगी, माझी मैत्रीण. माझ्या वस्तीतल्या दोघी, एकमेकींच्या चुलतबहिणी, एक चार वेळा, दुसरी तीन वेळा. बेरीज सोळा. उरलेल्या अडतीस मुली एकदाही नाहीत.

माझा हात थांबला. एका शनिवारी आम्हा चौघींपैकी कोणीतरी निघायची संभाव्यता बेचाळीसात चार. म्हणजे एकवीसात दोन. लागोपाठच्या शनिवारी पुन्हा आमच्यातलीच निघायची, तर गुणायचं, दोन नाण्यांच्या गणितात गुणतो तसं. मी चारच शनिवारांचा गुणाकार केला. सोळा भागिले एक लाख चौऱ्याण्णव हजार चारशे एक्क्याऐंशी. पुढचे बारा शनिवार करायची गरजच पडली नाही. एवढं फुटकं नशीब कोणाचंच नसतं. डब्यात बेचाळीस चिठ्ठ्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मला गणित जमलं. आणि डोकं जे तापलं ते आजपर्यंत निवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी शबानाला वही दाखवली. तिला एका नजरेत कळलं, ती माझ्यापेक्षा हुशार होती. कळलं म्हणूनच घाबरली. "जान दे गे," म्हणाली. "इस्कूल से निकाल देंगे हमको." मी म्हटलं, मला फक्त मोजायचंय.

शनिवार आला. पाचवीतल्या पोरीनं डोळे मिटले, चिठ्ठी काढली. सरांनी ती उघडण्याआधीच मागे खुसखुस सुरू झाली. निघालं माझंच नाव. मी उठले. झाडू दाराशी ठेवलेला होता. मी दाराकडे गेले नाही. टेबलाकडे गेले आणि डबा उचलून पालथा केला.

तीन चिठ्ठ्या पडल्या. तीन. चौथी सरांच्या हातात.

मी एकेक उघडून मोठ्यानं वाचली. शबाना. मग त्या दोघी बहिणी. सरांच्या हातातली मी ओढून घेतली. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, नमुना अवकाश, आणि पुढे कंसात चार नावं. त्याखाली, एकूण निष्पत्ती चार. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"सर, बाकीच्या अडतीस कुठं गेल्या?"

सरांनी पालथा डबा सरळ करून ठेवला. माझ्या बाकावर बसणारी उज्ज्वलाच बोलली, खाली बघून. "माझी तर मम्मीनं जूनमध्येच काढायला लावली. मला फिनेलची अ‍ॅलर्जी आहे ना." मग एकेक बाहेर आलं. कोणाचा शनिवारचा उपवास. कोणाच्या घरी सोवळं. कोणी स्कॉलरशिपची, तिची चाचणी बुडायला नको. कोणाचे वडील नुसतेच येऊन सरांशी दोन शब्द हसून बोलून गेलेले. पहिली चिठ्ठी निघायच्या आधीच एकेकीचं माणूस शाळेत आलं आणि एकेक चिठ्ठी डब्याबाहेर गेली. सरांनी कोणाला नाही म्हटलं नाही. वर्गाला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठी काढून घेता येते, हे फक्त आम्हा चौघींना ठाऊक नव्हतं. आमचे बाप बोलावल्याशिवाय शाळेत येत नव्हते, आणि आले तरी दाराशी उभे राहत होते.

सरांनी हातचलाखी केली नव्हती. चिठ्ठी खरी निघायची, त्या पोरीचे डोळे खरंच मिटलेले असायचे. म्हणूनच मला जास्त संताप आला. चोराला पकडता येतं, या माणसाला तर आपण न्यायी आहोत असंच वाटत होतं.

सर सावरले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "यात वाईट काय वाटून घ्यायचं? ज्यांना जमतं त्यांचीच नावं ठेवलीत. तुमच्याकडे या कामाची सवय असते."

"माझ्या घरी संडासच नाही, सर," मी म्हटलं. "सवय कुठून येणार?"

या वेळी वर्ग हसला नाही. चारी चिठ्ठ्या मुठीत धरून मी बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, "पेपर द्या." सरांनी दिला नाही. संडास त्या दिवशी कोणीच धुतले नाहीत.

सोमवारी बापाला बोलावणं आलं. हेडमास्तरांच्या ऑफिसात सर खुर्चीत, बाप उभा. शिक्षकाच्या हातातलं ओढून घेतलं, वर्गात उद्धटपणा केला. मी माफीनामा लिहून द्यायचा, नाहीतर बोर्डाच्या फॉर्मवर सही मिळणार नाही. बापानं दोघांपुढे हात जोडले. हेडमास्तरांनी माझ्या हातात पेन दिलं. मग तो माझ्याकडे वळला आणि तेच हात माझ्यापुढे जोडले. "लिहून दे बाई. दहावीचं वरीस हाय. काय झिजतंय तुझं?"

बाप पोरीपुढे हात जोडतोय आणि ते दोघं बसून बघतायत. त्या खोलीतलं मी काहीही विसरलेले नाही, टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटोसुद्धा. मला त्या दोघांना मारावंसं वाटलं. हे मी लपवणार नाही. मी बापाचे हात खाली केले आणि पेन टेबलावर ठेवलं.

"लिहिणार नाही. फॉर्म अडवा. मी या चार चिठ्ठ्या घेऊन नांदेडला मोठ्या साहेबांच्या ऑफिसात जाते. बेचाळीस मुलींच्या वर्गात चारच नावं कशी, ते त्यांना विचारते."

हेडमास्तरांनी सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. सही झाली. नाला ओलांडेपर्यंत बाप माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिला.

पुढच्या शनिवारी डबा आला नाही. पण मी जिंकले असं कोणी समजू नये. संडास धुवायला शाळेनं एक बाई ठेवली, ती आमच्याच वस्तीतली, त्या चुलतबहिणींची आत्या. आणि शबाना मार्चमध्ये गणितात नापास झाली. चार चाचण्या बुडाल्या, तिला गणित येत नाही असं सरांनी तिच्याही घरी सांगून ठेवलं होतं, घरच्यांनी ते खरं मानलं आणि शाळा बंद केली. आज ती परभणीला शिवणयंत्रावर परकर शिवते. तिची मुलगी पाढे विचारते तेव्हा ती मला फोन लावून देते. सांगते, मुझे नहीं आता. तिला येत होतं.

मार्चपर्यंत मी एक काम केलं. अडतीसही जणींना गाठून विचारलं, तुझी चिठ्ठी कोणी काढली, काय कारण सांगितलं. कोणी लाजून सांगितलं, कोणी फुशारकीनं. सगळं वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

मी पास झाले. नांदेडला बीएस्सी, मग बीएड. आता लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवते. संभाव्यतेचा धडा मी दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाही. पहिल्या तासाला मुलांना सांगते, डबा समोर आला की आधी उघडून मोजा, मग नशिबाचं बोला. ही बाई खुनशी आहे, असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात. आहे मी खुनशी.

गेल्या आठवड्यात उज्ज्वलाचा फोन आला. सर निवृत्त होतायत. माजी विद्यार्थिनींनी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात सत्कार ठेवलाय, गौरव अंक निघणार आहे. "तू तर गणिताची मॅडम झालीस, सरांचंच नाव काढलंस. दोन पानं लिही. गोड लिही हं. आणि ती डब्याची गंमत पण टाक. मजा येईल वाचायला."

गंमत.

मी बरं म्हटलं. ही ती पानं. दोनाची जास्त झाली, होऊ देत.

उज्ज्वला, तू हे छापणार नाहीस. त्याची संभाव्यता मी काढून ठेवली आहे. म्हणून मी स्वतः येते. मनोगताच्या यादीत माझं नाव तूच घातलंस. माईक हातात आला की हेच वाचेन, एक शब्द न बदलता. मग अडतीस नावं वाचेन, हजेरीच्या क्रमानं, आणि प्रत्येक नावापुढे चिठ्ठी कोणत्या कारणानं काढली तेही. तुम्ही नवऱ्यांना, मुलांना घेऊन येणार आहात असं कळलं. आणा. पुढे बसवा.

माय म्हणते, "म्हातारं झालंय ते माणूस, आता कशाला?" म्हातारं होणं म्हणजे माफी मागणं नव्हे. त्यांनी कधी मागितली नाही. मागितली तरी शबानाच्या वाटची मी देऊ शकत नाही, आणि माझ्या वाटची देणार नाही.

सरांना हार घालून स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवणार आहेत. बरंच झालं. उठून जायचं असेल तर त्यांना सगळ्या हॉलसमोरून चालत जावं लागेल.